फाइलीचे कान

आमच्या शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. त्यात पुठ्ठ्याच्या फाइली उभ्या लावलेल्या असतात आणि प्रत्येक फाइलीच्या वर एक छोटा तुकडा बाहेर आलेला असतो. त्यावर विषय लिहिलेला. आमचे शिपाईचाचा त्या तुकड्याला ‘कान’ म्हणतात. फाइल मागितली की ते विचारतात, "आपा, कौनसे कान की?" आणि मग कान धरून ती फाइल अशी वर ओढतात, जसे जुने उस्ताद एखाद्या पोराला बाकावरून उठवायचे.

या कानाला इंग्रजीत ‘टॅब’ म्हणतात हे मला शाळेत नाही, संगणकाच्या वर्गात कळलं. २००४ साली दहावीची परीक्षा दिली आणि सुट्टीत अब्बांनी मला एमएस-सीआयटीला घातलं. मोहल्ल्यातल्या मुली तेव्हा सुट्टीत शिवणकाम किंवा मेंदी शिकायच्या. अब्बा म्हणाले, "ये भी एक मशीनच है." पडद्यावर माउसचं उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ म्हटलं की एक चौकोनी खिडकी उघडायची. तिच्या वरच्या कडेला पाच कान होते: थीम्स, डेस्कटॉप, स्क्रीन सेव्हर, अपिअरन्स, सेटिंग्ज. सर म्हणाले, "पाच कागद एकावर एक ठेवलेत असं समजा. ज्याच्या नावावर क्लिक कराल तो वर येईल."

मी विचारलं, "सर, मग बाकीचे चार कुठे जातात?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "जातील कुठे? तिथेच आहेत. फक्त दिसत नाहीत."

तेव्हा मीही हसले होते. त्या उत्तराचा अर्थ कळायला मला जवळजवळ पंधरा वर्षं लागली. ती कशी लागली, तेच या लेखात सांगायचं आहे. विषय तसा रुक्ष आहे, संगणकाच्या पडद्यावर माहिती कशी मांडावी याचा. पण त्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीचं वर्ष गेलं, म्हणून लिहिते आहे.

अब्बा सोलापुरातल्या एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहायचे. त्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, माझं उर्दू शाळेत. मला मराठी अक्षरांची गोडी लागली ती त्यांच्या खतावणीतून. लाल कापडी बांधणीची ती जाड वही होती. तिच्या उजव्या कडेला पायऱ्या कापलेल्या असायच्या. प्रत्येक पायरीवर एक अक्षर: अ, आ, इ, क, ख, ग. गिऱ्हाइकाचं नाव ‘क’पासून सुरू होत असेल तर अब्बा अंगठा ‘क’वर ठेवायचे आणि वही बरोबर त्या पानावर उघडायची. लहानपणी मला ती जादू वाटायची. पण अब्बांच्या टेबलावर आणखी एक वही असायची, रोजकीर्द. तिला पायऱ्या नव्हत्या. त्या दिवशी जे घडलं ते सगळं तिच्यात एकाखाली एक. अब्बा आधी रोजकीर्द लिहायचे आणि मग त्यातून खतावणी करायचे. "दिन का हाल इसमें, आदमी का हाल उसमें," असं ते म्हणायचे. दोन वह्या का लागतात हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढे वाचनात आलं की कार्डांच्या ढिगात कान असलेली कार्डं घालून विभाग पाडण्याच्या युक्तीवर जेम्स न्यूटन गन नावाच्या माणसाने १८९७ साली अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. तो काळ ग्रंथालयांतल्या कार्डांचा आणि कचेऱ्यांतल्या वाढत्या कागदांचा होता. आडवे रचलेले गठ्ठे उपसत बसण्यापेक्षा कागद उभे लावावेत आणि वर नाव दिसावं, एवढीच ती सोय. संगणकवाल्यांनी हीच सोय पडद्यावर उचलली, कारण पडदा लहान आणि माहिती मोठी. १९९२ साली बोर्लंड कंपनीच्या क्वाट्रो प्रोमध्ये आणि १९९३ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ५ मध्ये एकाच फाइलीत अनेक पानं आणि खाली त्यांचे कान आले. विंडोज ९५ ने हे कान घरोघर पोचवले. इंटरनेट पाहण्याच्या साधनांत ते थोडे उशिरा रुळले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर २००६ साली, सातव्या आवृत्तीत. सायबर कॅफेत प्रत्येक पानासाठी वेगळी खिडकी उघडत बसलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक आठवत असेल.

बी.एड. करून २०१३ साली मी या उर्दू शाळेत रुजू झाले. माझ्या आधी जो वर्ग होता तो एका ज्येष्ठ आपांचा. त्या निवृत्त होत होत्या. त्यांनी मला हजेरीची वही हाती दिली. आम्ही तिला कॅटलॉगच म्हणतो. लांबच लांब पान, डावं-उजवं मिळून एक महिना. मुलीचं नाव, तीस खाने, बेरीज. आणि कडेला जिथे जिथे कोरी जागा होती तिथे आपांनी पेन्सिलीने बारीक उर्दूत काही काही लिहून ठेवलेलं. ‘वालिदा बीमार.’ ‘चश्मा नहीं है, आगे बिठाओ.’ ‘चाचा के घर रहती है.’ ‘गणित में अचानक कम.’ एका मुलीच्या नावापुढे नुसतंच ‘पूछना’.

मी मनातल्या मनात हसले. हे काय रेकॉर्ड झालं? कुठे खाना नाही, मथळा नाही. मला एमएस-सीआयटी येत होतं.

२०१७च्या जूनमध्ये मी एक्सेलमध्ये माझ्या वर्गाची फाइल बनवली. सात कान केले: नावं, हजेरी, चाचण्या, फी, पालक, आरोग्य, निकाल. प्रत्येकाला वेगळा रंग दिला. हजेरीची बेरीज आपोआप, टक्केवारी आपोआप, निकाल आपोआप. वरून कुणी माहिती मागितली की तो कान दाबायचा, पान छापायचं, सही करून द्यायचं. मुख्याध्यापक सरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून ती फाइल दाखवली. "देखो, अलमारी को कंप्यूटर में डाल दी," असं ते म्हणाले. मी घरी जाऊन हे अम्मीला दोनदा सांगितलं.

पहिला धक्का महिन्याभरातच बसला. आमचे उर्दूचे ज्येष्ठ सर चाचणीचे गुण भरायला बसले. त्यांचं सगळं आयुष्य उजवीकडून डावीकडे गेलेलं. त्यांनी साहजिकच खालच्या कानांपैकी सर्वांत उजवीकडचा कान पहिला समजून उघडला. माझ्या दृष्टीने तो शेवटचा होता, निकालाचा. त्यात नुसती सूत्रं होती. सरांनी एकेका खान्यात नीट गुण भरले आणि सगळी सूत्रं पुसली गेली. मी चिडले. सर ओशाळून म्हणाले, "बेटी, किताब तो दाएँ से ही खुलती है ना?"

बरोबरच होतं त्यांचं. उर्दूत किंवा अरबीत बनवलेल्या पडद्यावर पहिला कान उजवीकडे असतो. सगळी मांडणीच आरशात पाहिल्यासारखी उलटी होते. मी उर्दू शाळेतली शिक्षिका, आणि मीच फाइल डावीकडून रचली होती, कारण ज्या वर्गात शिकले तिथे तसं होतं. मी कान ओढून उलट्या क्रमाने लावले, निकालाच्या पानाला कुलूप घातलं आणि विषय संपला असं समजले. कानांवर उर्दूत नावंही घालून पाहिली. पण आमच्या नस्तालीकचा स्वभाव असा की शब्द तिरका खाली उतरत येतो, त्याला उंची लागते. त्या चपट्या पट्टीत तो मावत नाही. तिथे अक्षरं दिसली ती अरबी वळणाची, सरळ रेषेत बसवलेली. वाचता येत होती, पण ओळखीची वाटत नव्हती.

ही झाली किरकोळ चूक. मोठी चूक अजून फाइलीतच होती आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

२०१८ साली नववीत एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही. मधल्या रांगेत बसायची. ना फार हुशार, ना फार मागे. अशा मुलींकडे शिक्षकाचं लक्ष कमी जातं, हे मला आता कबूल करायला हवं. तिच्याबद्दलची सगळी माहिती माझ्या फाइलीत होती. अगदी सगळी. जुलैपासून ती आठवड्यातून एक दिवस गैरहजर राहू लागली, ऑक्टोबरपासून दोन दिवस. हे हजेरीच्या कानात होतं. गणितात पहिल्या चाचणीत वीसपैकी चौदा, दुसरीत सहा. हे चाचण्यांच्या कानात. सहलीचे पैसे भरले नव्हते, ते फीच्या कानात. सप्टेंबरमध्ये तिने आईचा मोबाइल नंबर बदलून मामाचा दिला होता. तो मी स्वतः पालकांच्या कानात टाइप केला होता. आरोग्य तपासणीत वजन आधीच्या वर्षापेक्षा दोन किलोने कमी. तेही मीच भरलेलं.

पण मी हजेरीचा कान महिनाअखेरीला उघडायची, चाचण्यांचा परीक्षेनंतर, फीचा क्लार्कने विचारलं की, आरोग्याचा वर्षातून एकदा. प्रत्येक पानावर ती मुलगी पन्नास मुलींमधली एक होती. दोन दिवस गैरहजर राहणाऱ्या दहा-बारा होत्या. गणितात सहा मिळालेल्याही तेवढ्याच. नंबर बदललेल्या चार-पाच. कुठल्याच पानावर ती वेगळी दिसत नव्हती. पाचही पानांवर असलेली मात्र ती एकटीच होती आणि पाचही पानं मी कधी एका वेळी पाहिली नव्हती. एक कान दाबला की बाकीचे ‘तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत.’

जानेवारीत तिचे मामा दाखला मागायला आले. क्लार्क रजेवर होता म्हणून मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. शाळा सोडल्याचा दाखला ज्यांनी भरला आहे त्यांना माहीत असेल: नाव, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. सगळं एका कागदावर. तो भरायला मी एकेक कान उघडत गेले आणि बाजूच्या चिठ्ठीवर उतरवत गेले. चिठ्ठीवर पाच ओळी झाल्या आणि माझा हात थांबला. एका मुलीच्या घरात काय चाललं आहे हे त्या पाच ओळी सरळ सांगत होत्या. ऑक्टोबरपासून सांगत होत्या. मी त्या एकत्र वाचल्या, त्या दाखल्यावर.

मामांना मी म्हटलं, दोन दिवसांनी या. आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील यंत्रमागावर, रात्रपाळीला. आईला टीबी झालेला, औषध चालू होतं. दारात आजी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती आणि ती मुलगी शेजारी पानं कापत होती. कडेवरून उतरलेलं दीड वर्षाचं भावंडं तिच्या ओढणीशी खेळत होतं. मला पाहून ती उभी राहिली आणि आत गेली.

आजी म्हणाली, "आपा, अब आए तुम. दिवाली के पहले आते तो मैं उसके बाप कू बोलती. अब तो मामू के गाँव भेजना ठैरा."

‘अब आए तुम’ या तीन शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीपूर्वी मी काय करू शकले असते? फार नाही कदाचित. आईच्या औषधाच्या दिवसांत दुपारची सवलत मागून घेतली असती. सहलीच्या पैशांवरून वर्गात तिचं नाव पुकारलं नसतं. गणिताला तासभर बसवलं असतं. वडिलांशी बोलले असते. आमच्याकडे मुली बहुधा एका दिवसात शाळा सोडत नाहीत. थोडी थोडी करून सोडतात. त्या थोड्या थोड्याचा हिशेब माझ्याजवळ होता, पण सात तुकड्यांत.

तिला मामाच्या गावी पाठवलं. मी दाखल्यावर सही केली.

त्या जून महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी ईदला घरी आला होता. पुण्यात एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचे पडदे कसे दिसावेत याचं काम करतो. मी त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, आपा, एक्सेल सोडा, ॲप घ्या. त्याने तसं काही म्हटलं नाही. वेगवेगळे कान बराच वेळ उघडून-मिटून पाहिले आणि विचारलं, "आपा, आप एक बच्ची के बारे में सोचते हैं तो सबसे पहले क्या देखना चाहते हैं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मग त्याने मला त्याच्या धंद्यातले नियम समजावले. मी वहीत उतरवून घेतले. आपणा शिक्षकांना उपयोगी पडतील म्हणून देते. कान केव्हा करावेत? जेव्हा माणसाला एका वेळी एकच भाग पुरेसा असतो तेव्हा. दोन भाग शेजारी ठेवून ताडून पाहायचे असतील तर ते दोन कानांत घालू नयेत, कारण मग पहिल्यातलं डोक्यात धरून दुसरा उघडावा लागतो आणि डोक्यात फार काही राहत नाही. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००७ सालीच हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे असं त्याने सांगितलं. कानांची रांग एकच असावी. दोन रांगा झाल्या की मागच्या रांगेतला कान दाबल्यावर अख्खी रांग पुढे उडी मारते आणि माणसाला कळत नाही की आपण होतो कुठे. ॲमेझॉनच्या दुकानाने सुरुवातीला वस्तूंच्या प्रत्येक प्रकाराला एक कान दिला. २००० सालापर्यंत त्यांच्या दोन रांगा झाल्या, लोक हसू लागले, शेवटी ती पद्धतच सोडावी लागली. कानावरचं नाव एक-दोन शब्दांचं आणि रोजच्या बोलण्यातलं असावं. जो कान उघडा आहे तो खालच्या पानाला जोडलेला दिसावा, बाकीचे मागे असल्यासारखे. सर्वांत जास्त लागणारं पान पहिलं. आणि आतल्या पानावर काही बिघडलं असेल तर त्याची खूण बाहेर कानावरही दिसायला हवी. नाहीतर मिटलेल्या पानावरची चूक मिटलेलीच राहते.

मी म्हटलं, "मग मी सगळे कान काढून टाकते. एकच लांब पान करते."

तो म्हणाला, "नै आपा. अलमारी तोडने से भी काम नहीं होता. फी का हिसाब फी में ही रहने दो. आपने कागज कागज से बाँटा, बच्ची बच्ची से नहीं बाँटा. आपके कान दफ्तर के सवालों के हैं. आपके अपने सवाल का कान कहाँ है?"

त्याचं हे बोलणं ऐकताना मला बी.एड.चा वर्ग आठवला. अध्यापनाची सूत्रं आम्ही पाठ केली होती: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, पूर्णाकडून अंशाकडे. परीक्षेत प्रत्येकाला उदाहरण देऊन लिहिली होती. गुणही मिळाले होते. आणि माझ्या फाइलीत मात्र नुसते अंश होते. पूर्ण कुठेच नव्हतं. अब्बांच्या टेबलावर दोन वह्या का असायच्या तेही तेव्हा उमगलं. खतावणीचे कान उपयोगी पडायचे, कारण एका माणसाचा सगळा व्यवहार एका पानावर असायचा. मी वरवर खतावणीसारखी फाइल केली होती, पण माणसाचं पानच तिच्यात ठेवलं नव्हतं. आणि आपांच्या कॅटलॉगच्या कडेला पेन्सिलीत जे लिहिलेलं होतं, ज्याला मी हसले होते, ते म्हणजे हेच पान होतं. मथळा नसलेलं.

आमच्या घरी कुरआनखानी असते तेव्हा तीस सिपारे तीस वेगळ्या पुस्तिकांत असतात. जो येतो तो एक उचलतो, आणि तासाभरात तीस जणांकडून तीसही पुरे होतात. लहानपणापासून पाहिलेली ही वाटणी किती बिनबोभाट चालते! ती चालते कारण प्रत्येक भाग कुणाच्या तरी हातात उघडा असतो. पडद्यावरच्या कानांचं तसं नसतं. तिथे माणूस एक, उघडं पान एक, बाकी सगळं मिटलेलं. शाळेतही तसंच असतं. वर्गशिक्षिका एकच असते.

त्याने माझ्याकडूनच नवी फाइल करून घेतली. स्वतः बोट लावलं नाही. जुने सात कान राहिले, त्यांच्या आधी एक नवा आला. सर्वांत उजवीकडे. त्याचं नाव मी ‘हाल’ ठेवलं. त्यात एका मुलीला एकच ओळ: गेल्या महिन्यात किती दिवस गैरहजर, या महिन्यात किती, मागच्या दोन चाचण्यांचे गुण शेजारी शेजारी, बाकी फी, फोन नंबर शेवटचा कधी बदलला, वजन. हे सगळं आतल्या पानांवरून आपोआप येतं. दोन-तीन साधी सूत्रं शिकावी लागली, बस. तीन खाने एकदम बिघडले तर नावाचा खाना पिवळा होतो. लाल मी मुद्दाम केला नाही. लाल रंग पाहिला की लगेच मुलीला दोष द्यावासा वाटतो. आणि शेवटचा खाना रुंद, कोरा. त्यात सूत्र नाही. तिथे मी मला वाटेल ते लिहिते. पहिल्या दिवशी मी त्याचा मथळा लिहिला, ‘पूछना’.

ही फाइल आज शाळेतल्या सगळ्याच वर्गांत वापरतात असं नाही. काहींना पिवळा रंग आवडत नाही. तो दिसला की काहीतरी करावं लागतं. एक सहकारी म्हणाल्या, "पहले अच्छा था, दिखता नहीं था तो नींद आती थी." त्या हसत म्हणाल्या, पण खरं म्हणाल्या. कान ही सोय आहेच, पण डोळ्याआड करायचीही ती सोय आहे. अडचणीची माहिती शेवटच्या कानात घालून ठेवली की ती दिली नाही असंही होत नाही आणि ती कुणी पाहतही नाही.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मी घरी बसून पालकांच्या पानावरचे नंबर एकेक करून लावले. चालू वर्गाचे झाले, मग आधीच्या वर्षांचेही. बरेचसे बंद होते. त्या मुलीच्या नावापुढे मामाचा नंबर होता. तो लागला, आणि फोन तिनेच उचलला. ती सोलापुरात परत आली होती. आई बरी झाली होती. मी म्हटलं, पढेगी? ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आपा, मेरा नाम तो कट गया ना?"

नाव कटलं असलं तरी १७ नंबरचा फॉर्म असतो, शाळेबाहेरून दहावीला बसता येतं, हे मी तिला सांगितलं. तिच्या वडिलांना पटवायला आणखी वर्ष गेलं. २०२१ साली आम्ही तिचा फॉर्म भरला. तो भरताना मी एक पाठ गिरवला. पडदा पुढे सरकवण्याआधी प्रत्येक पान उघडून तिला दाखवलं, मोठ्याने वाचायला लावलं आणि मगच पुढे गेलो. मार्च २०२२ मध्ये ती परीक्षेला बसली आणि पास झाली. गणितात काठावर. अकरावीला गेली नाही, पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. हा शेवट फार मोठा नाही, मला माहीत आहे. पण दाखल्यावर जो शेवट मी सही करून दिला होता त्यापेक्षा थोडा पुढचा आहे.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनात येते. शिक्षकांच्या बैठकींना गेलं की नावापुढे ‘उर्दू माध्यम’ असा कान असतो. तो पाहिला की शेजारची बाई हळू, सोप्या शब्दांत, मोठ्या आवाजात बोलू लागते. मी मराठीत उत्तर दिलं की म्हणते, "अय्या, तुम्हाला मराठी छान येतं!" तिचा हेतू वाईट नसतो. तिने फक्त कान वाचलेला असतो. घरी आले की उलटं. मी मराठीत लेख लिहिते म्हणून मोहल्ल्यातले काही जण थट्टा करतात. मी कुणावर रागावत नाही, कारण मीही पन्नास मुलींना सात नावांखाली वाटून निर्धास्त झोपले होते. कानांशिवाय कपाट चालत नाही. माणसाला मात्र कधीतरी फाइल पूर्ण बाहेर काढून टेबलावर उघडावी लागते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर मी ‘हाल’चं पान उघडते आणि वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचते. अर्धा तास लागतो. गेल्या शनिवारी दोन नावं पिवळी होती. एकीला विचारलं, तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं, काही नाही. दुसरी म्हणाली, "कुछ नै आपा," आणि खाली पाहिलं.

मी शिपाईचाचांकडून तिच्या घराचा पत्ता घेतला. उद्या संध्याकाळी जाणार आहे.